एएफएमसीची मुलाखत आणि सात वर्षांचा हिशोब

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात बोलणं फक्त कटऑफचं. गव्हर्नमेंट लागेल का, कुठलं लागेल, मिळालेली सीट ठेवायची की दुसऱ्या फेरीची वाट बघायची. पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सेनादलांच्या मेडिकल कॉलेजचं, नाव त्यात निघतं ते फार उशिरा, आणि तोवर बऱ्याच जणांची मुदत संपलेली असते. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलकडे फॉर्म भरला म्हणजे सगळीकडे भरला, असा आपल्याकडे पक्का समज आहे. एएफएमसीसाठी एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय प्रवेश समितीच्या, साइटवर वेगळी नोंदणी करून तिथे एएफएमसीचा पर्याय द्यावा लागतो. तो दिला नसेल, तर मार्क कितीही असोत, मुलाखतीचं बोलावणं येत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी ते काम उरका.

राज्यात एमबीबीएसचा प्रवेश म्हणजे नीटची रँक, बाकी काही नाही. तुम्ही कसे आहात, डॉक्टर का व्हायचंय, हे कोणी विचारत नाही. एएफएमसीत विचारतात. जागा 150, त्यातल्या 5 मित्रदेशांच्या विद्यार्थ्यांसाठी. उरलेल्या 145 पैकी मुलींच्या फक्त 30. मुलींचा कटऑफ मुलांपेक्षा बराच वर जातो तो त्यामुळेच. मुलींनी हे मनाशी धरूनच यादी बघावी.

मार्कांचं गणित नीट समजून घ्या, कारण तयारी कशाची करायची ते त्यावर ठरतं. पुण्यात गेल्यावर संगणकावर एक छोटी परीक्षा होते, टोएलर म्हणतात तिला. इंग्रजी, आकलन आणि तर्क. 40 प्रश्न, 30 मिनिटं, प्रत्येकी 2 मार्क, चुकलं की अर्धा मार्क वजा. हे 80 नीटच्या 720 मध्ये मिळवून 800 होतात आणि त्या 800 चे 200 करतात. त्यावर मुलाखतीचे 50. म्हणजे मुलाखतीतला एक मार्क नीटच्या चार मार्कांएवढा. नीटमध्ये तुमच्यापुढे वीस मार्कांनी असलेल्या मुलीला मुलाखतीतल्या पाच मार्कांत गाठता येतं. हे कळल्यावर मी इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायला बसले. सेमी-इंग्रजीत शिकल्यामुळे विज्ञान इंग्रजीतून येत होतं, पण स्वतःबद्दल दोन वाक्यं इंग्रजीतून बोलायची सवय नव्हती. तुमचंही तसंच असेल तर आठ-पंधरा दिवस घरातल्या कोणाशी तरी रोज बोला. व्याकरणाची काळजी करू नका. थांबत, विचार करत बोललं तरी चालतं. पाठ केलेलं उत्तर मात्र लगेच कळतं.

टोएलरबरोबर मानसशास्त्रीय चाचणीही असते. तिची कसलीही तयारी करू नका. जे वाटतं ते लिहा.

मी पप्पांसोबत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेले आणि हडपसरला मावशीकडे उतरले. वानवडीत कॉलेजच्या गेटवर पालकांना थांबवतात, पुढे एकट्यानं जायचं. कागदपत्रांची फाइल घरीच क्रमानं लावून ठेवा. तिथल्या रांगेत उभं राहून झेरॉक्स शोधणारी मुलं बघितली की आपल्याच पोटात गोळा येतो.

मुलाखतीच्या खोलीत टेबलापलीकडे अधिकारी बसलेले होते, गणवेशात. धाक वाटावा असं वातावरण असतं, पण कोणी दरडावून बोलत नाही. लातूर ऐकल्याबरोबर एका मॅडमनी विचारलं, रेल्वेनं पाणी आलं होतं ते तुझंच गाव ना? हो म्हटलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ आली तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या खेपेत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, ते सांगितलं. मग दुसऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, ते शहराला कितपत पुरलं असेल? शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास धरली तर माणशी सव्वा लिटर, मी तिथेच तोंडी हिशोब केला. मग मॅडम म्हणाल्या, पाण्याची टंचाई आली की दवाखान्यात काय वाढतं? पुस्तकातली उत्तरं तेव्हा डोक्यात नव्हती. आमच्या गल्लीत काय व्हायचं ते सांगितलं. टँकर आठ-आठ दिवसांनी, त्यामुळे पिंपं, टाक्या, घागरी भरून ठेवलेल्या. त्यात डास, म्हणून डेंग्यू. हात धुवायला, अंघोळीला पाणी काटकसरीनं, म्हणून जुलाब आणि खरूज. पुढचे दोन-तीन प्रश्न त्याच धाग्यावर गेले. म्हणून सांगते, देशाच्या घडामोडी वाचाच, पण स्वतःचा जिल्हा आधी नीट माहीत करून घ्या. तिथली पिकं, तिथले आजार, सिव्हिल हॉस्पिटल कसं चालतं, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब आहे. ते विचारतातच, आणि त्यावर तुमच्याइतकं खरं दुसरं कोणी बोलू शकत नाही.

शेवटचा प्रश्न होता: पोस्टिंग घरापासून दोन हजार किलोमीटरवर असताना आई आजारी पडली तर काय करशील? यावर ‘देश आधी’ असं फेकून चालत नाही. रजेचे नियम असतील त्याप्रमाणे रजा मागेन, नाही मिळाली तर भावाला पुढे करेन आणि माझं काम सोडणार नाही, असं म्हणाले. उत्तर त्यांना पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मला मात्र त्या प्रश्नानं पुढचे काही दिवस झोपू दिलं नाही, कारण मेरिट यादीत नाव आलं होतं आणि आता तोच प्रश्न मला स्वतःला सोडवायचा होता.

एएफएमसीत शिक्षण जवळपास मोफत असतं. आपल्यासारख्या घरात एवढं ऐकलं की पुढचं कोणी ऐकत नाही. पण ते मोफत शिक्षण म्हणजे सेनादलांशी केलेला करार आहे. पास होऊन इंटर्नशिप झाली की अधिकारी म्हणून रुजू व्हायचं. साधारण निम्म्यांना कायम कमिशन, म्हणजे सेनादलातली कायमची नोकरी, निम्म्यांना सात वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची सेवा. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, मग ती सात वर्षं. म्हणजे तिशी ओलांडेपर्यंत कुठे राहायचं ते तुम्ही ठरवणार नाही. सोडायचं तर बाँडची रक्कम भरायची. ती कित्येक लाखांत आहे आणि बदलत जाते, म्हणून आपल्या वर्षाच्या माहितीपत्रकातली बघा. राज्याच्या सरकारी कॉलेजांतही बाँड आहेच, पण एका वर्षाच्या सेवेचा, आणि ती टाळली तर दंड दहा लाखांचा. दोन्ही बाँड एकाच तराजूत घालू नका.

पप्पांनी ओळखीतल्या एका निवृत्त सुभेदार काकांकडे नेलं. ते बराच वेळ चांगलंच बोलत होते: शिस्त, मान, कुटुंबाची काळजी, सेवेत राहून पीजी करता येतं. मग त्यांनी विचारलं, पोरी, तुला डॉक्टर होऊन कुठं बसायचंय? आपल्याच जिल्ह्यात औशाच्या आसपास, प्रसूतीचं काम करायचंय, मी म्हटलं. आमच्या आजीच्या गावातून बाळंतिणीला आजही लातूरलाच आणावं लागतं. काका म्हणाले, मग तुझं उत्तर तूच दिलंस की.

मी गेले नाही. सरकारी कॉलेज घेतलं. मुलाखतीच्या दिवशी ओळख झालेली कोल्हापूरकडची मैत्रीण गेली. तिचे वडील सैन्यातच होते, छावण्यांमध्येच वाढलेली ती, तिला सगळा देश बघायचा होता. पहाटेच्या पीटीला शिव्या घालत घालत ती आज मनापासून खूश आहे. आम्हा दोघींचे मार्क जवळपास सारखे होते.

निर्णय घेताना फीचा आकडा दोन दिवस बाजूला ठेवा आणि वयाच्या तिसाव्या वर्षी आपल्याला कुठे असायचंय ते आई-वडिलांसमोर मोठ्यानं बोला. शक्य तर सेवेतल्या एखाद्या डॉक्टरला भेटा. कायम कमिशन आलं तर काय, हेही आत्ताच विचारात घ्या. घरच्यांनी तुमच्या वतीनं परस्पर होकार दिला असेल तर मुलाखतीला जायच्या आधीच भांडून घ्या. प्रवेश घेऊन मग रडणं सगळ्यांनाच जड जातं.

तारखांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या आणि पुण्याचं वेळापत्रक एकमेकांत अडकतात. मूळ कागदपत्रं एका कॉलेजात जमा करण्याआधी दुसरीकडची सूचना वाचा. यादीत आल्यावर मेडिकल बोर्ड असतो. चष्म्याचा नंबर, रंग ओळखणं, कान, पाय सगळं तपासतात, तेव्हा डोळे आधीच दाखवून घ्या. आणि जायचं नाही असं ठरलं, तर मुदत संपायची वाट न बघता कळवून टाका. तीसच जागा आहेत, प्रतीक्षा यादीतली कोणीतरी मुलगी तुमच्या त्या एका ईमेलवर अडकलेली असते.