छतावर चढवण्याआधी हात बसवा: सोलर कनेक्टरचा सराव

घरगुती सोलरचं काम शिकायला आलेल्या मुलांचं लक्ष छताकडे असतं. आधी त्यांना टेबलाशी बसवा. पॅनेल रुळांवर आवळणं लवकर जमतं. छळणारे बिघाड बोटभर कनेक्टरात, म्हणजे केबल जोडणाऱ्या प्लगात, दडलेले असतात.

प्रत्येकाला 4 चौरस मिमीची डीसी सोलर केबल, एमसी4 (सोलरमध्ये वापरतात त्या प्रकारच्या) कनेक्टरचे दहा जोड आणि त्याच कनेक्टरचं क्रिंपिंग टूल, म्हणजे तारेवर पिन दाबून बसवायचं हत्यार, द्या. साधी पक्कड टेबलावर ठेवूच नका, हात तिच्याकडेच जातो. पकडीने दाबलेली कनेक्टरची धातूची पिन वरून घट्ट दिसते, पण आत तारा मोकळ्या राहतात. भर उन्हात पूर्ण करंट वाहू लागला की तो जोड तापतो, प्लॅस्टिक वितळतं, आर्क (हवेतून उडणारी सलग ठिणगी) पेटतो. एसीत प्रवाह सतत शून्यावरून जातो म्हणून आर्क विझू शकतो. डीसीत ती सोय नाही.

केबल साधारण 6 ते 8 मिमी सोला. एक तार जरी तुटली तरी टोक कापून पुन्हा सुरुवात. पिन दाबा, ओढून बघा, मग कनेक्टरच्या प्लॅस्टिक खोळीत ‘कट्’ आवाज येईपर्यंत सरकवा. मागचा नट पान्याने आवळा. इथे आळस केला तर पाणी शिरतं: ओल्या सकाळी इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट (वीज जमिनीकडे गळतेय अशी खूण) दाखवतो आणि दुपारी, सुकल्यावर, शहाण्यासारखा चालू होतो. असा बिघाड शोधताना जीव जातो. पहिले दोन-तीन जोड करवतीने उभे कापून आतली पिन कशी दाबली गेलीय ते दाखवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नका.

आता मोजणी. मल्टीमीटरचा लाल प्रोब अँपिअरच्या भोकात राहिला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून मीटर आधी तपासा; तो 1000 व्होल्ट डीसीचाच हवा. ओपन सर्किटला (काही न जोडता) 49 व्होल्ट देणारी 8 पॅनेल एकापुढे एक जोडली की 392 च्या आसपास आकडा यायला हवा. 343 आला तर एक पॅनेल गाळलंय. 294 आला तर दोन गाळलीत किंवा एक उलटं लागलंय. आकड्याआधी वजा चिन्ह दिसलं तर अख्खी स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलची साखळी, उलटी. थंडीत व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण 0.3 टक्के, तेव्हा इन्व्हर्टरची कमाल मर्यादा सर्वांत गार सकाळ धरून तपासा.

आणि चालू स्ट्रिंगचा कनेक्टर कुणालाही उपसू देऊ नका. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची वीज तोडणारा स्विच) बंद, क्लॅम्प मीटरवर (केबलभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) करंट शून्य, त्यानंतरच हात.