नायलॉन ब्लॉक कोपॉलिमरचा डीएससी काढताय? या चुका टाळा

डीएससीचा (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख हातात आला की प्रोजेक्टची मुलं आधी 220 अंश सेल्सिअसजवळचं, नायलॉन वितळण्याचं मोठं शिखर शोधतात, आकडा टिपतात आणि कागद फाईलला लावतात. नायलॉन-6 आणि पॉलिइथरच्या ब्लॉक कोपॉलिमरमध्ये (दोघांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, एकाच साखळीत जोडलेल्या पदार्थात) खरी माहिती त्याआधीच्या भागात असते आणि घोळही तिथंच होतो.

मोजणी 30 अंशांपासून सुरू केलीत तर अर्धा पदार्थ पाहिलाच नाही असं समजा. पीटीएमओ या पॉलिइथरच्या मऊ ब्लॉकचा टीजी (काचेसारखा कडक पदार्थ मऊ होऊ लागतो ते तापमान) साधारण उणे 70 च्या आसपास असतो. त्याचे स्फटिकही खोलीच्या तापमानाच्या आगेमागेच वितळतात. सोलापूरच्या मे महिन्यात तर बाटलीतच वितळलेले असतात! सुरुवात उणे 90 पासून करा.

दुसरी भानगड ओलाव्याची. पावसाळ्यात साध्या पाकिटातून नमुना पुण्याला पाठवला की नायलॉन वाटेत पाणी पितं. कोरड्या नायलॉन-6 चा टीजी 50 अंशांच्या आसपास, ओल्याचा बराच खाली. वर 100 अंशांच्या आसपास पाणी उडून जो पसरट फुगवटा येतो, त्याला ‘नवीन फेज’ म्हणून थिसिसमध्ये बसवलेलं मी वाचलंय. नमुना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये 80 अंशांना रात्रभर वाळवा. मात्र त्या वाळवण्याचीही खूण राहते: 90 ते 100 अंशांदरम्यान छोटं शिखर उमटू शकतं. नमुना थंड करून पुन्हा तापवला आणि त्या दुसऱ्या हीटिंगमध्ये ते गेलं, तर ते ॲनीलिंगचं, म्हणजे वाळवताना बराच वेळ गरम राहिल्याने स्फटिकांत झालेल्या बदलाचं. म्हणून दोन्ही हीटिंग जपून ठेवा, पहिलं फेकू नका.

सगळ्यात महागात पडते ती स्फटिकतेची, म्हणजे किती भाग स्फटिकरूप आहे याची आकडेमोड. समजा वितळण्याची उष्णता 46 जूल प्रति ग्रॅम आली आणि पूर्ण स्फटिकी नायलॉन-6 साठी 230 धरले. थेट भागाकार केला तर उत्तर 20 टक्के. पण नमुन्यात नायलॉन वजनाने निम्मंच असेल तर नायलॉनची स्फटिकता 40 टक्के होते. दोन्ही आकडे बरोबरच, पण कोणता दिलाय ते लिहायला नको का?

नायलॉनच्या स्फटिकांची रचना अल्फा की गॅमा, हे डीएससीवरून ठरवू नका, एक्स-रे विवर्तनाचा आलेख काढा. तांब्याच्या एक्स-रे किरणांवर अल्फाची शिखरं 20 आणि 24 अंशांजवळ (हे अंश तापमानाचे नाहीत, 2θ कोनाचे), गॅमाचं 21 च्या थोडं पुढे.

आणि दोन टीजी दिसले म्हणजे ब्लॉक तयार झाला, असं नाही. नुसत्या मिश्रणातही दोन दिसतात. वाळवलेला नमुना वजन करून टीएचएफ या द्रावकात सॉक्सलेटला (द्रावकाने पुन्हापुन्हा धुऊन विरघळणारा भाग काढणाऱ्या उपकरणाला) लावा. मोकळं पीटीएमओ त्यात विरघळून निघून जातं, नायलॉन विरघळत नाही. पुन्हा वाळवून वजन करा. घट जवळपास पीटीएमओ घातलं होतं तेवढीच असेल, तर ब्लॉक जोडलेच गेलेले नाहीत.