घर तुटून दुसरीकडे गेलात तर औषधपाणी बंद पडू नये म्हणून काय करायचं

पाइपलाइनच्या कडेची आमची झोपडी तुटली तेव्हा आम्ही गॅस उचलला, टीव्ही उचलला, पत्रे काढून घेतले, कपड्यांची बोचकी बांधली. सासूबाईंची शुगरची फाईल आणि दिराचं टीबीचं कार्ड एका पिशवीत खिळ्याला अडकवलेलं होतं, ते तसंच ढिगाऱ्याखाली गेलं. नव्या बिल्डिंगमधून जुना दवाखाना दोन बस बदलून, आणि दिराला वाटलं खोकला तर थांबलाय, मग तीन आठवडे गोळ्याच नाहीत. चौथ्या आठवड्यात थुंकीत रक्त. म्हणून हे लिहितेय. मुंबईत तानसा पाण्याच्या पाइपलाइनवरून चेंबूरजवळच्या माहुलच्या बिल्डिंगमध्ये गेलेले, नाल्यावरून रस्त्यावरून उठवलेले, किंवा नांदेड-लातूरकडून दुष्काळात मुंबईला येऊन मैदानात नाहीतर पुलाखाली पाल टाकलेले, सगळ्यांसाठीच आहे हे.

नोटीस आली की सगळ्यात आधी कागद. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, लसीचं कार्ड, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरचं नावसुद्धा, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि गावाकडच्या एखाद्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, कारण मोबाइल पण हरवतो. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईमाणसाच्या पर्समध्ये ठेवा, सामानाच्या टेम्पोत अजिबात नाही. आणि निघायच्या आधी जुन्या दवाखान्यात एक चक्कर मारून महिनाभराच्या गोळ्या मागून घ्या, आम्ही जागा सोडतोय असं स्पष्ट सांगा, बरेच डॉक्टर देतात.

नव्या जागी पहिल्या आठवड्यात महापालिकेचं आरोग्य केंद्र शोधा, लोक हेल्थ पोस्ट म्हणतात त्याला. तिथल्या आरोग्य सेविकेला जाऊन सांगायचं की ताई आम्ही नवीन आलोय, घरात इतकी माणसं, एक गरोदर आहे, दोन लहान आहेत. हे आपणच जाऊन सांगावं लागतं, कारण तुमची बिल्डिंग किंवा तुमचं पाल तिच्या यादीत नसेल तर ती घरोघरी फिरताना तुमच्याकडे येणारच नाही. मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेचे 'आपला दवाखाना' नावाचे दवाखाने सुरू झालेत, तिथे तपासणी आणि औषधं फुकट आहेत आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर पण जाता येतं, रोजंदारीवाल्यांना हे फार सोयीचं आहे.

खिडकीवर पत्ता विचारला की आत्ता जिथे राहता तेच सांगा, घाबरून जुना पत्ता सांगू नका. सासूबाईंना एका दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने जुनं आधार कार्ड बघून "तुमच्या एरियात जा" म्हणून परत पाठवलं आणि त्या बिचाऱ्या उन्हात चालत घरी आल्या, शुगर ४०० च्या वर. आता मी असं कुणी म्हटलं की वाद घालत नाही, फक्त म्हणते, "बरं, हे मला मेडिकल ऑफिसर सांगतील का, त्यांना भेटू द्या." दहापैकी नऊ वेळा तिथेच केसपेपर निघतो. मोठ्या हॉस्पिटलमध्ये असलात तर मेडिकल सोशल वर्करची खोली विचारा, सगळे एमएसडब्ल्यू म्हणतात त्यांना, कागद नसलेल्या पेशंटची वाट तेच काढून देतात.

आता टीबी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साधा टीबी असला तरी निदान सहा महिने गोळ्या लागतात आणि मध्ये सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग इलाज लांबतो आणि जड जातो. पण पेशंटचं नाव निक्षय नावाच्या सरकारी कॉम्प्युटर सिस्टीममध्ये असतं, तुमचा निक्षय आयडी असतो, त्यावरून भारतात कुठल्याही सरकारी टीबी केंद्रात तुमची ट्रान्स्फर होते. दिराचं कार्ड गेलं होतं तरी मोबाइल नंबरवरून नाव सापडलं, ही गोष्ट आम्हाला आधी कुणी सांगितली असती तर ते तीन आठवडे गेले नसते. आयडी भिंतीवर लिहून ठेवा. खाण्यासाठी महिन्याला १,००० रुपये बँकेत येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते), बँकेचं पासबुक तेवढं टीबी केंद्रात जोडून घ्या. आणि घरात कुणालाही दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायला द्या, फुकट आहे, एका खोलीत आठ जण झोपतो आपण.

गरोदर बाईचं माता-बाल कार्ड गावचं असलं तरी चालतं, तेच दाखवायचं आणि पुढच्या तपासण्या त्याच्यावरच लिहून घ्यायच्या. बाळंतपणाला माहेरी जायचं की इथेच हे सातव्या महिन्यातच ठरवा आणि इथेच असेल तर हॉस्पिटलात नाव घालून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत मिळायला पाहिजे अशी योजना २०११ पासून आहे. कळा सुरू झाल्या की १०८. पोरांच्या लसी राहिल्या असतील तर लाजू नका, उशीर झाला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, जिथे सुटलं तिथून पुढे देतात.

शुगरवाल्यांचा एक वेगळा त्रास, इन्सुलिन. लाइट नाही, फ्रीज नाही. आम्ही मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात छोटं मडकं बसवलं, त्यात झाकणाच्या डब्यात बाटली, वरून ओलं फडकं, आणि वाळूवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. चालू बाटली अशी सावलीत थंड ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. पत्र्याखाली खिडकीत ठेवाल तर औषध वाया जातं आणि शुगर का उतरत नाही तेच कळत नाही.

माहुलकरांनी एक जास्तीची गोष्ट करा. तिथे शेजारी रिफायनऱ्या आहेत, केईएम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी केलेला सर्व्हे हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टापुढे, गेला होता आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने तिथल्या हवेने लोकांच्या तब्येतीला धोका आहे असं म्हटलं. २०१९ मध्ये हायकोर्टाने माणसांना तिथे राहायला लावू नका, नाहीतर महिन्याला १५,००० रुपये भाडं द्या असं सांगितलं, ते लोक भांडले म्हणून झालं. तर दम लागणं, अंगाला खाज, डोळ्यांची जळजळ, काहीही असो, मेडिकलमधून परस्पर सिरप आणून गप्प बसू नका. डॉक्टरला दाखवा आणि केसपेपरवर लिहून घ्या की पेशंट इथे कधीपासून राहतो आणि त्रास कधीपासून आहे. एवढी एक ओळ पुढे इलाजालाही लागते आणि कोर्टात पण.

मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे सरकारची फुकट इलाजाची योजना. आता पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड चालतं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, पण योजनेतल्या हॉस्पिटलातच, आणि ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर जायचं, बिल झाल्यावर नाही. कार्ड नांदेडचं असलं तरी मुंबईत चालतं. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी होते, कागद मागून दिले तरी चालतात. हॉस्पिटल कुठलं ते १५५३८८ वर विचारा.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटलं आहेत, ट्रस्टची मोठमोठी चकाचक हॉस्पिटलं सुद्धा त्यात येतात. त्यांना १० टक्के खाटा अगदी गरिबांना फुकट आणि आणखी १० टक्के निम्म्या दरात द्यायचा नियम आहे. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन एमएसडब्ल्यूला भेटायचं, नाहीच म्हणाले तर लेखी मागायचं आणि धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करायची. आणि जीवावरचं असेल, अपघात असेल, तर डिपॉझिट भरा म्हणून थांबवता येत नाही. सरकारी असो की खासगी, जखमी माणसाला आधी वाचवायचं हे सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच सांगितलंय, हे वाक्य पाठ करून ठेवा आणि काउंटरवर मोठ्याने बोला.

रेशन कार्डावरचा पत्ता बदलायचा अर्ज मात्र आल्या आल्या टाका, महिने लागतात त्याला. तोपर्यंत धान्य कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं. आणि नवीन सून, नवीन बाळ यांची नावं त्याच अर्जात घाला, ऑपरेशनच्या दिवशी कार्डावर नाव नाही म्हणून पळापळ करणारी माणसं मी फार बघितलीत.