शुद्धलेखन नंतर, आधी कीबोर्ड बघा: मराठी टाइप करताना या चुका टाळा

‘वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छ्या’, ‘आर्शिवाद असू द्या’, ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. व्हॉट्सॲपवर रोज फिरणाऱ्या या मजकुराचं खापर शाळेतल्या मराठीच्या बाईंवर फोडायची आपल्याला सवय आहे. पण ऑनलाइन मराठीतल्या बऱ्याच चुका अज्ञानापेक्षा फोनमुळे होतात. व्याकरणाचं पुस्तक न उघडताही त्या थांबवता येतात.

सुरुवात इथून करा: तुमचा कीबोर्ड नक्की मराठीच आहे ना? लिपी एकच असल्यामुळे हिंदी कीबोर्डवर मराठी लिहिणाऱ्यांना ते जाणवतही नाही. शब्द सुचवणारा कोश मात्र हिंदी असतो. ‘मला वाटतं कि’ ही चूक बहुधा तिथूनच येते. हिंदीत हे अव्यय ऱ्हस्व आहे, मराठीत ‘की’ नेहमी दीर्घ. फोनच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि हिंदी लागत नसेल तर काढून टाका. दोन्ही हव्या असतील तर लिहायला लागण्याआधी स्पेसबारवरचं भाषेचं नाव बघा.

‘आई ला’, ‘पुणे मध्ये’, ‘त्या मुळे’

हे तुटलेले प्रत्यय हल्ली सगळीकडे दिसतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात, हे आपल्याला माहीत असतं. मग तुटतं कसं? सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की कीबोर्ड स्वतःहून पुढे एक जागा सोडतो. तुम्ही ‘पुणे’ निवडता, जागा पडते आणि मग ‘मध्ये’ येतं. शिवाय सामान्यरूपही हुकतं, ‘पुण्यामध्ये’ व्हायचं राहून जातं. यावर इलाज एकच, अर्ध्यावर सूचना निवडू नका. ‘पुण्यामध्ये’ पूर्ण टाइप करा आणि मग निवडा.

ऱ्या

सगळ्यात छळणारं अक्षर हे. ‘दुसर्‍या’ऐवजी ‘दुसर्या’ लिहिलं तर वाचणारा सावरून घेतो, पण दरवेळी तसं होत नाही. ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं लिहिलंत तर डोंगरात समुद्र आला. ‘लग्नातल्या आचार्यांचे पैसे द्यायचे राहिले’ या निरोपात स्वयंपाक करणारे आचारी गेले आणि विद्यादान करणारे आचार्य आले. तिथे ‘दऱ्या’ आणि ‘आचाऱ्यांचे’च हवं. मराठी कीबोर्डवर र दाबून धरला की बहुतेक ठिकाणी ऱ मिळतो. त्याला हलन्त (पाय मोडायची खूण, ्) आणि य जोडा. संगणकावर इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी असेल तर शिफ्ट धरून र ची कळ दाबायची, पुढचं तेच. ऱ्हास आणि ऱ्हस्व लिहितानाही हाच ऱ लागतो.

रफाराचा घोळ याहून साधा आहे. जुन्या टाइपरायटर पद्धतीत आधी अक्षर आणि मग रफार द्यावा लागे. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, मात्र उच्चाराचा क्रम चालतो, म्हणजे र, हलन्त, व. ‘आशीर्वाद’ तोंडाने म्हणत टाइप करा, रफार आपोआप योग्य डोक्यावर बसतो. ‘शुध्द’चंही तसंच. आधी अर्धा द, मग ध, म्हणजे ‘शुद्ध’.

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, तरी वकिलांच्या नावामागे ‘अँड.’ अजून ठाण मांडून आहे. ‘अँड’ वाचताना अनुस्वाराचा उच्चार होतो. वकिलांसाठी ‘ॲड.’ आणि फोनमधलं ते ‘ॲप’. एक गंमत अशी की ‘बँक’ आणि ‘बॅंक’ कागदावर जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. यादीत एखादं नाव असूनही शोधल्यावर सापडत नसेल तर अशीच भानगड आहे का ते बघा.

‘दिनांकः’, ‘स्थळः’, ‘उदाः’ यांतला विसर्ग काढा. तिथे अपूर्णविराम (:) हवा, ‘उदा.’ला तर साधा पूर्णविराम.

आता उरले नियम. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 मध्ये शासनाने स्वीकारले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली. अठरा पाठ करायची गरज नाही. रोजच्या लिहिण्यात दोन पुरतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, गुरू, सुरू. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ हे अपवाद, आणि समासात पहिला तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) शब्द पुन्हा ऱ्हस्व होतो: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा. दुसरा नियम म्हणजे प्रत्यय लागला की शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो: ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’. तत्सम शब्द याला जुमानत नाहीत, ‘शरीर’चं ‘शरीरात’च होतं.

‘केलं’ की ‘केले’, यावर भांडणं होतात. नियमांनुसार अनुस्वाराची रूपं संवादापुरती आहेत. मी ती इथे सर्रास वापरतोय आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. एकाच मजकुरात दोन्हींची भेळ मात्र डोळ्यांत खुपते.

काही शब्द पाठच करावे लागतात: महत्त्व, तत्त्व, उज्ज्वल, तज्ज्ञ, कवयित्री, दीपावली. इथे फोनचा भरवसा धरू नका, कारण तो तुमच्याकडूनच शिकतो. एकदोनदा ‘महत्व’ पाठवलंत की तेच पुढे करत राहतो. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर चुकीची सूचना दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्यात ओढा. बरोबर रूप वैयक्तिक शब्दकोशात टाकून ठेवा.

राहिली दुसऱ्यांची शुद्धता. एखादा आपल्या बोलीत ‘पानी’, ‘व्हय’, ‘करून ऱ्हायलो’ असं लिहीत असेल तर ती त्याची भाषा आहे, तिथे लाल पेन काढू नका. ग्रुपवर चारचौघांत ऱ्हस्व-दीर्घ काढणाऱ्यामुळे माणसं मराठीत लिहायचंच सोडतात आणि रोमन अक्षरांकडे वळतात. पत्रिका, पाटी, संस्थेची नोटीस यांतली चूक मात्र जरूर सांगा. लिहिणाऱ्याला वेगळा मेसेज करा, आणि मजकूर छापखान्यात जायच्या आधी.