घरातलं तेच तेच भांडण कागदावर कसं उतरवायचं (फॅमिली कौन्सेलिंगला जाण्याआधी)

घरात एकच भांडण फिरून फिरून होत असेल आणि कौन्सेलरकडे जायचं ठरलं असेल, तर आधी हे करा. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह आणि समाजकार्याचे अभ्यासक डेव्हिड फॅन्शेल यांनी १९७७ च्या पुस्तकात थेरपीच्या एका सेशनमधली जेमतेम १५ मिनिटं घेऊन वाक्य न् वाक्य तपासलं होतं. त्यातली १९ वर्षांची मुलगी सांगते की आई हिच्या बहिणीकडे राहायला गेलीय, हिला घर झेपेना, म्हणून हिने फोन करून विचारलं, "मग, घरी कधी येणार आहेस?" आई म्हणाली, "का गं?" मुलीने सांगितलं की फार होतंय, तर आई म्हणते हे बहिणीलाच सांग ना! "नाही" असं कोणीच म्हटलं नाही, पण विनंती मात्र टोलवली गेली. तुमच्या भांडणातही कुठलं वाक्य असं काय करतंय ते बघायचंय, ते असं.

१. भांडणाची पहिली आठ-दहा वाक्यं जशीच्या तशी लिहा. "तिने टोमणा मारला" असं नको, नेमके शब्द हवेत, आणि कोण गप्प बसलं तेही. रेकॉर्ड करायचं तर सगळ्यांना विचारूनच.

२. आता प्रत्येक वाक्य काय काम करतंय ते लिहा, विनंती, तक्रार, काळजी की टाळाटाळ. सून ऑफिसातून येते, सासूबाई म्हणतात "नऊ वाजले", ती म्हणते "मला घड्याळ कळतं" आणि झालं सुरू. सासूबाई वेळ सांगत नव्हत्या हे नक्की, पण तक्रार होती की काळजी हे त्यांनाच विचारा, बाकीच्यांनी परस्पर ठरवायचं नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त उलगडा इथेच होतो, म्हणून घाई करू नका. काळजी असेल तर पुढच्या वेळी "उशीर झाला की जिवाला घोर लागतो गं, एक मेसेज टाकत जा" असं सरळ म्हणता येतं.

३. प्रश्न एकाला आणि उत्तर दुसराच देतो, तिथे खूण करा.

४. "नेहमीच", "कधीच" आलं तिथे एकच प्रसंग लिहा.

मिलानच्या थेरपिस्टनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत, म्हणजे तिसऱ्याला विचारायचं "आजी गप्प बसली की बाबा काय करतात?", ती घरी पोरांवर प्लीज वापरू नका, पोर साक्षीदार होऊन बसतं. ते थेरपिस्टवर सोडा. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तर यातलं काहीच करत बसू नका, बाईला १८१ या हेल्पलाइनवर मदत मिळते.

कागद सेशनला न्या, आणि वाचताना ज्याचं वाक्य त्यानेच वाचायचं.