पॅकेजमधून टाइप्स पाठवताना

एनपीएमवर (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या भांडारावर) टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेलं पहिलं पॅकेज टाकलं की लवकरच कुणीतरी विचारतं, 'कोड चालतोय, पण तुमचे इंटरफेस आमच्या एडिटरमध्ये का दिसत नाहीत?' (इंटरफेस म्हणजे ऑब्जेक्टमध्ये कोणती फील्ड्स असतात ते सांगणारा टाइप.) टीमची सामायिक पॅकेजेस सांभाळताना हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय, की आता कोड बघायच्या आधी मी डिस्ट फोल्डर (बिल्डनंतर तयार कोड जातो ते) उघडायला सांगतो. तुमच्या रिपॉझिटरीत काय आहे याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसतं. त्याच्या नोड मॉड्यूल्समध्ये, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये, जे पोचतं, तेवढंच त्याचं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड हाताने लिहिलेल्या डॉट डी डॉट टीएस फाइलची, म्हणजे फक्त टाइप्स असलेल्या डिक्लरेशन फाइलची. नवीन माणसाला वाटतं, टाइप्स म्हणजे डिक्लरेशन, मग ते डिक्लरेशन फाइलमध्येच लिहायला हवेत. पण कंपायलर अशी फाइल इनपुट समजून नुसती वाचतो, आउटपुट फोल्डरमध्ये कॉपी करत नाही. तुमच्याकडे सगळं हिरवं. प्रकाशित पॅकेजमध्ये मात्र इंडेक्सचं (पॅकेजच्या मुख्य फाइलचं) डिक्लरेशन जागेवर नसलेल्या फाइलकडे बोट दाखवतं. त्यात वापरणाऱ्याने 'स्किपलिबचेक' ही डिक्लरेशन फाइल्सची तपासणी टाळणारी सेटिंग चालू ठेवली असेल (बहुतेक ठिकाणी असतंच) तर एररही दिसत नाही, टाइप गुपचूप 'एनी' (म्हणजे काहीही चालेल) होऊन बसतो. हे एररपेक्षा वाईट, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून इंटरफेस साध्या डॉट टीएस फाइलमध्ये लिहा, एक्सपोर्ट करा, टीएसकॉन्फिगमध्ये (कंपायलरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) 'डिक्लरेशन' ट्रू ठेवा आणि डिक्लरेशन फाइल कंपायलरला बनवू द्या. इंडेक्समधून पुढे पाठवताना 'एक्सपोर्ट टाइप' वापरा. ही सोय टाइपस्क्रिप्ट 3.8 पासून आहे, आणि 'आयसोलेटेडमॉड्यूल्स' (प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होण्याजोगी हवी अशी सेटिंग) चालू असेल तर टाइप पुन्हा एक्सपोर्ट करताना ती लागतेच.

टीएसकॉन्फिगच्या 'पाथ्स'मध्ये इम्पोर्टसाठी ठरवलेली फोल्डरांची टोपणनावंही अशीच फसवतात. कंपायलर ती डिक्लरेशनमध्ये जशीच्या तशी सोडतो, आणि तुमचं टोपणनाव बाहेरच्या प्रोजेक्टला कुठून कळणार? लायब्ररीत मी सरळ रिलेटिव्ह पाथ लिहितो. दिसायला कुरूप, पण चालतात.

पॅकेज डॉट जेसनमध्ये (पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) 'टाइप्स' फील्ड बनलेल्या फाइलकडे वळवा. त्यातच 'एक्सपोर्ट्स' (इम्पोर्ट केल्यावर कोणती फाइल द्यायची ते सांगणारं फील्ड) वापरत असाल तर तिथली 'टाइप्स' ही कंडिशन सगळ्यात वर हवी, कारण कंडिशन्स वरून खाली तपासल्या जातात आणि जुळलेली पहिली घेतली जाते.

डिपेंडन्सीबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. तुमच्या सार्वजनिक इंटरफेसमध्ये नोड किंवा रिअ‍ॅक्टचा टाइप आला असेल, तर तो टाइप देणारं पॅकेज डेव्ह डिपेंडन्सीत (फक्त विकासापुरत्या पॅकेजेसच्या यादीत) ठेवून भागत नाही, कारण वापरणाऱ्याकडे ते इन्स्टॉल होत नाही. ते डिपेंडन्सी किंवा पिअर डिपेंडन्सीत (वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये असायला हव्यात अशा पॅकेजेसच्या यादीत) हवं. 'टाइप्सच तर आहेत' हा युक्तिवाद मी अजूनही रिव्ह्यूमध्ये ऐकतो.

प्रकाशित करण्याआधी 'एनपीएम पॅक' चालवा. तयार झालेली टार फाइल (प्रकाशित होणाऱ्या पॅकेजचं गाठोडं) एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये इन्स्टॉल करा, तिथे 'स्किपलिबचेक' बंद ठेवा आणि प्रत्येक सार्वजनिक टाइप इम्पोर्ट करून कंपाइल करा. 'एनपीएम लिंक'वर या तपासणीसाठी माझा भरवसा नाही. ते तुमचंच फोल्डर जोडून देतं, त्यामुळे टारमधून गळालेली फाइलही तिथे सापडते.

पुढच्या आवृत्त्यांत इंटरफेसमध्ये नवीन फील्ड घालाल, तेव्हा ते ऑप्शनल ठेवता येतंय का बघा. लोक तो इंटरफेस इम्प्लिमेंट करत असतील आणि फील्ड अनिवार्य केलं, तर त्यांचा बिल्ड मोडेल. रनटाइमचा कोड अक्षरानेही बदलला नसला, तरी तो मेजर बदलच, म्हणजे आवृत्तीचा पहिला आकडा वाढवायला लावणारा.