‘लेकरं किती?’ हे एकदा विचारून कळत नाही

बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलं तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं, पोरगी आता तलाठी होणार. लोकसंख्याशास्त्र नावाचा विषय असतो आणि त्याच्यासाठी मुंबईत देवनारला १९५६पासून अख्खी संस्था आहे, हे मलाही शेवटच्या वर्षाला कळलं. या वाटेला येऊ पाहणारी पोरं विचारतात, ‘ताई, गणित लई कठीण असते का?’ गणित शिकता येतं. माझी फजिती झाली ती वरुडकडच्या एका गावात, साध्या वयाच्या रकान्यात.

पहिल्याच पाहणीत फॉर्म परत आले. वयं सगळी ३५, ४०, ५०, ६०. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, “या गावात एकतिशीचं कोणी राहतच नाही काय?” शून्य आणि पाचवर वयं किती गोळा होतात, हे मोजायला व्हिपल निर्देशांक आहे, १०० म्हणजे ठीक, ५०० म्हणजे सगळीच वयं अंदाजपंचे. माझा आकडा कुठे गेला असता, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका घरी परत गेले. आजी म्हणाली, “लिही ना बाप्पा साठ!” मग मीच विचारलं, मोवाडचा पूर आला तेव्हा लहान पोरगा केवढा होता? “पोटात होता ना माय.” पूर १९९१चा. त्याच्या आधीची लेकरं मोजत मागे गेलो, लग्नाचं साल हाती आलं, आणि साठाचे पंचावन्न झाले. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर मी त्या त्या गावचे पूर, दुष्काळ लिहून ठेवते.

सुनेला विचारलं, लेकरं किती? “दोन.” फॉर्ममध्ये हा प्रश्न तुकड्यातुकड्यांनी असतो: सोबत राहणारी, बाहेर राहणारी, जन्मून गेलेली. तिसऱ्या तुकड्याला सासू समोर बसलेली. सून म्हणाली, “नाही.” मी पाणी मागितलं, सासू आत गेली. मग हळूच विचारलं: जन्मल्यावर रडलं, श्वास घेतला, पण राहिलं नाही, असं एखादं?

“रडलं होतं ताई. एकच रात्र होतं.”

रडलं, म्हणजे जिवंत जन्म. हा प्रश्न गिळला असता, तर ते बाळ जन्मातही नाही आणि बालमृत्यूतही नाही. जन्म-मृत्यूची धड नोंदच नसलेल्या आफ्रिकी देशांसाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी बालमृत्यू मोजायची पद्धत बसवली ती एवढ्याच भांडवलावर: आईचं वय, झालेली लेकरं, त्यातली हयात लेकरं. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथल्या ३९ गावांतले नवजात मृत्यू किती घटले, हे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापता आलं, कारण एकेक जन्म, एकेक मृत्यू टिपला होता.

जगाचे मोठे आकडे पाठ करा, मुलाखतीत विचारतात. १५ नोव्हेंबर २०२२ला लोकसंख्या आठ अब्ज. दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी लेकरं, २०२३मध्ये ०.७२. आपल्याकडे पारावर अजून ‘लोकसंख्या फार वाढून राहिली’ चालतं, पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आला, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागणाऱ्या २.१च्याही खाली. जिल्हा परिषद शाळेचा पट घटला की आपण सगळा दोष कॉन्व्हेंटला देतो. तो आहेच, पण लेकरंही कमी झालीत.

त्याच पाहणीची जिल्हावार पत्रकं फुकट मिळतात. आपल्या जिल्ह्याचं आधी वाचा, आणि वाचताना सरासरीवर विश्वास टाकू नका. अमरावतीच्या एका आकड्यात वरुडच्या संत्राबागाही येतात आणि मेळघाटातलं धारणी-चिखलदराही.

एक्सेल यायलाच हवं, पुढे ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा शिका. पाहणीचं काम बहुतेक कंत्राटी. काही महिने चालतं, मग दुसरं शोधायचं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि आई अजून तलाठ्याच्या जाहिराती कापून ठेवते.